हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

कोथरूडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील गेल्या वर्षी वारले. मुळशी तालुक्यात वडिलोपार्जित सव्वादोन एकर जमीन आहे. मागे आई, एक भाऊ आणि या दोघी बहिणी. दोघींचीही लग्नं झालेली. भाऊ म्हणतो, ‘पुढच्या आठवड्यात पौडला जाऊ, हक्कसोडपत्रावर सह्या करून टाका.’ आई म्हणते, ‘सही केली नाहीस तर माहेर तुटेल.’ ताईंना स्वतःला चांगला पगार आहे. ऑफिसातल्या मंडळींचं म्हणणं असं, की बाई-पुरुष असमानता हे गरीब देशांचं, खेड्यापाड्यांचं दुखणं आहे. पुण्यात शिकल्या-सवरल्या बाईनं हिस्सा मागायचा म्हणजे निव्वळ हाव. तर सही करावी का?

आत्ता करू नका. आधी तुमचं, बहिणीचं आणि आईचं नाव सातबाराला लागू द्या. मग भावाला काय द्यायचं, किती द्यायचं, द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. उत्तर एवढंच आहे. पण नुसतं ‘वकीलबाई नको म्हणाल्या’ एवढ्यावर तुम्हाला आईसमोर बसता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात दिवाणी आणि महसुली कामं करते. शिवाजीनगर कोर्ट, तहसील, प्रांत, दुय्यम निबंधक, यांतच दिवस जातो. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः हक्कसोडपत्रं भरपूर केली. त्यातलं एक अजून डोळ्यांसमोर आहे. हिंजवडी-माणच्या बाजूला आयटी पार्क येऊन माळरानाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. चार बहिणी एका जीपमधून दुय्यम निबंधक कचेरीत आल्या. चौघींच्या अंगावर कोऱ्या साड्या, घड्यांच्या रेघाही न मोडलेल्या. भावानं आदल्या दिवशी घेऊन दिलेल्या. ऑपरेटरनं एकेकीला कॅमेऱ्यासमोर बसवलं, कपाळावरचा पदर मागे घ्यायला सांगितला आणि अंगठा यंत्रावर दाबून घेतला. थोरलीच्या अंगठ्याच्या रेघा कामानं इतक्या झिजल्या होत्या, की ठसा तीनदा घ्यावा लागला. साहेबांनी विचारलं, ‘मजकूर वाचला का? कबूल आहे का?’ ती म्हणाली, ‘दादाला ठाऊक.’ ‘स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि कोणताही मोबदला न घेता’ हे त्या दस्तातले शब्द माझे होते. भाऊ माझा पक्षकार होता.

पाच वर्षांनी धाकटी बहीण माझ्याकडे आली. नवरा गेला होता, दीर घर रिकामं कर म्हणत होते आणि भावाच्या दारात ती पाहुणी झाली होती. ‘तुम्हीच लिवला व्हता ना त्यो कागद?’ एवढंच तिनं विचारलं. माहेरची जमीन तोवर बिल्डरकडे गेली होती. सासरी नवऱ्याच्या हिश्शावर तिचा हक्क होता, तो मिळवायला आम्हाला सहा वर्षं लागली. ती सहा वर्षं तिनं भाड्याच्या एका खोलीत, दुसऱ्यांची धुणीभांडी करत काढली. तेव्हापासून, बहिणीचं नाव आधी सातबाराला लागलेलं नसेल तर मी हक्कसोडपत्र करून देत नाही.

आता तुमचा हिस्सा. मृत्युपत्र नसेल तर हिशेब सोपा आहे. एकत्र कुटुंबाची जमीन धरली, तर वडील, आई, भाऊ आणि तुम्ही दोघी असे पाच सारखे वाटे पडतात. वडिलांचा पाचवा वाटा पुन्हा तुम्हा चौघांत सारखा वाटला जातो. वडिलांची स्वकष्टार्जित धरली, तर सरळ चार वाटे. दोन्हीकडून उत्तर एकच येतं: प्रत्येकाला रुपयात चार आणे. सव्वादोन एकर म्हणजे ९० गुंठे, म्हणून तुमचे साडेबावीस गुंठे. मृत्युपत्र निघालं तरी एकत्र कुटुंबाच्या जमिनीत वडिलांना फक्त स्वतःच्या वाट्यापुरतं लिहिता येतं, तुमच्या जन्मसिद्ध वाट्याचं नाही. (हे हिंदू वारसा कायद्याचं झालं. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही तोच लागू होतो. मुस्लिम कुटुंबात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा असतो, पण तो हक्काचाच असतो आणि तोही असाच सोडवून घेतला जातो.)

‘आमच्यात मुलींना जमीन द्यायची रीत नाही’ असं भाऊ म्हणत असेल, तर तो खोटं बोलत नाही. रीत तशीच होती आणि कायद्यानंही ती बराच काळ सांभाळली. १९३७ च्या देशमुख कायद्यानं विधवेला वाटा दिला, पण हयातीपुरता. मुलीचं त्यात नावच नव्हतं. हिंदू कोड बिल रखडलं आणि १९५१ मध्ये बाबासाहेब आंबेडकर मंत्रिमंडळातून बाहेर पडले, त्यामागचं हे एक मोठं कारण होतं. १९५६ च्या कायद्यानं मुलगी वारस झाली, पण एकत्र कुटुंबाच्या जमिनीत तिला वडिलांच्या वाट्यातला वाटा, म्हणजे तुकड्यातला तुकडा मिळायचा. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये पाऊल पुढे टाकलं आणि मुलीला जन्मानं हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी जिचं लग्न झालं तिला वगळून. हळद लागली की हक्क गेला, असा त्याचा अर्थ. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर विवाहित-अविवाहित हा भेद संपला. तरीही ‘त्या तारखेला वडील हयात होते का?’ या प्रश्नावर पंधरा वर्षं कोर्टात खल चालला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला: हक्क जन्मानं येतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी खरोखर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र यामुळे उकरून काढता येत नाही. म्हणजे तुमच्या आईच्या तरुणपणी जे बरोबर होतं, ते तुमच्या बाबतीत बरोबर राहिलेलं नाही. आईला हे कुणी सांगितलेलंच नसेल.

कागदावर ती जुनी रीत कशी दिसते, ते बघायचं असेल तर आजोबा वारल्यानंतरचा फेरफार, म्हणजे सातबारावरची नावं बदलल्याची नोंद, काढा. बहुतेक गावांत एकच पद्धत सापडते: थोरल्या मुलाचं नाव आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मुलींची नावं असलीच तर कब्जेदाराच्या रकान्यात नसतात, उजवीकडच्या ‘इतर अधिकार’मध्ये असतात, विहिरीच्या हिश्शाच्या आणि सोसायटीच्या बोज्याच्या शेजारी. पुढे कधीतरी ‘अमुकतमुकने हक्क सोडल्याने नाव कमी’ असा एका ओळीचा फेरफार. बऱ्याचदा त्यामागे नोंदणीकृत दस्त नसतो, तलाठ्यासमोर दिलेला साध्या कागदावरचा जबाब असतो. तशा जबाबानं मालकी जात नाही. फेरफार ही महसुलापुरती नोंद आहे, त्यानं हक्क येतही नाही आणि जातही नाही. पण ज्या बाईचं नाव कमी झालं, तिला आपला हक्क संपला असंच आयुष्यभर वाटत राहतं.

इथे तुम्हालाही एक अवघड गोष्ट सांगायला हवी. आजोबांच्या फेरफारात तुमच्या आत्यांची नावं असतील. त्यांचा हिस्सा कायदेशीर मार्गानं सुटलेला नसेल, तर तुमच्या चार आण्यांचा हिशेब करण्याआधी त्यांचा हिशेब करावा लागेल. भावाकडे बोट दाखवताना आत्याचा हिस्सा गिळून बसणारी भाची मी पाहिली आहे. तुम्ही तसं करणार नाही अशी मला आशा आहे.

जमीन नुसती नाचणी-भात पिकवत होती, तोवर बहिणीची सही कुणाला लागत नव्हती. आता लागते. रिंगरोडसाठी जमीन जाते, तेव्हा मोबदल्यासाठी सगळे वारस शोधतात. बिल्डरचा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो आणि त्यात बहीण दिसली की एजंट भावाला सांगतो, ‘टायटल क्लिअर करून आणा.’ मग वीस वर्षं ज्या बहिणीला भाऊबीजेलाही कुणी बोलावलं नाही, तिच्या दारात गाडी उभी राहते. कधी पाच लाख देतात, कधी पन्नास हजार, बहुधा साडीचोळी. हक्कसोड, संमतीपत्र, कुलमुखत्यारपत्र, नाव काहीही असो. कागद मराठीत नीट वाचून, प्रत घरी आणून, दोन दिवस ठेवून मगच सही करायची. ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणत असतील तर नक्कीच थांबायचं. कुलमुखत्यारपत्राला, म्हणजे तुमच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाला, मी सगळ्यात जास्त घाबरते. त्यात तुम्ही काय देता ते तुम्हाला दिसत नाही. पुढे तुमच्या नावानं जे काही होईल, त्याला ती सही पुरते.

आईचं ‘माहेर तुटेल’ हे मी हलक्यात घेत नाही. तुटतं कधीकधी. हिस्सा मागितल्यावर वर्षानुवर्षं राखी न गेलेली घरं मी पाहिली आहेत आणि त्या बहिणी माझ्यासमोर रडल्या आहेत. तसं होणारच नाही, असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण इतक्या वर्षांत जे दिसलं ते असं: सही दिल्यावरही पुष्कळांचं माहेर तुटलं, फक्त सावकाश. आधी वहिनीचं बोलणं बदललं, मग जत्रेचं बोलावणं थांबलं. आणि नाव लावून घेतलेल्या कित्येकींचं माहेर टिकलं, कारण एकदा नोंद झाल्यावर भांडायला काही उरलं नाही. सगळ्यात जास्त कडवटपणा मी अर्धवट ठेवलेल्या प्रकरणांत पाहिला. ‘दादा बघेल’ म्हणून सोडून दिलं, वडिलांना जाऊन दहा वर्षं झाली, जमिनीला भाव आला आणि मग दोन्ही बाजूंची मुलं कोर्टात उभी राहिली.

लग्नाचा खर्च काढतील. ‘तुझ्या लग्नात एवढे तोळे घातले, कार्यालय केलं.’ लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे, कायदा तो हिश्शातून वजा करत नाही. भावाच्या लग्नाचा आणि शिक्षणाचा खर्च कुणी हिश्शातून वजा केला, हे विचारून पाहा, पण भांडणाच्या सुरात नको.

आईच्या भीतीच्या मुळाशी बहुतेक वेळा आई स्वतःच असते. तिला उरलेलं आयुष्य मुलाच्या घरी काढायचं आहे. मुलगी हिस्सा मागते म्हणजे त्या घरातली आपली जागा डळमळते, असं तिला वाटतं. म्हणूनच तिच्या चार आण्यांकडे सगळ्यात आधी लक्ष द्या. माझ्याकडे येणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी फार मोठा भाग अशांचा आहे, ज्यांनी नवरा गेल्यावर वर्षभरात सगळं मुलांच्या नावे करून दिलं आणि मग एक महिना एकाकडे, एक महिना दुसऱ्याकडे अशी पिशवी घेऊन फिरल्या. एक आजी तर ३१ तारखेच्या महिन्याचा जादा दिवस कुणाकडे काढायचा, यावर सुना भांडतात म्हणून आल्या होत्या. आईला मुलाला द्यायचंच असेल, तर बक्षीसपत्रात ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे वाक्य घालून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडली तर असा दस्त रद्द करून मागता येतो, प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात. ते वाक्य नसलं, तर लढाई फार कठीण जाते.

आता तुमच्या ऑफिसातल्या मंडळींना उत्तर. असमानता गरीब देशांत आहे हे खरं, पण ती मोजायची कशी? शाळा, नोकरी, मतदान यांत आपण बरंच पुढे आलो. जमिनीत नाही. ग्रामीण भारतात कामावर असलेल्या चार बायकांपैकी साधारण तिघी शेतीत राबतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत शेती कसणाऱ्या खातेदारांमध्ये बायका होत्या सुमारे १४ टक्के. राबणारे हात बाईचे आणि खातं पुरुषाचं, ही गोष्ट बिहारची तितकीच मुळशी-मावळची आहे. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर घरोघरी विधवा आणि मुली उरल्या आणि रूढीप्रमाणे त्यांना जमीनच मिळेना. १९९९ मध्ये त्या देशानं मुलीला मुलाइतका वारसा दिला आणि पुढे जमीन मोजणी करून नवरा-बायको दोघांच्या नावे पट्टे दिले. इथिओपियाच्या काही प्रांतांत जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांचे फोटो लागतात. नेपाळमध्ये बाईच्या नावे जमीन नोंदवली तर करात सवलत मिळते. शेजारच्या बांगलादेशात हिंदू मुलीला आजही भावाच्या बरोबरीनं वारसा नाही. पैशानं गरीब असलेल्या देशांनी जे केलं, ते सधन पुण्यातली घरं अजून करत नाहीत. तेव्हा हा प्रश्न गरिबीचा म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्याकडेही कुणी हे केलं नाही असं नाही. चाकणजवळच्या आंबेठाणचे शरद जोशी आणि शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. ज्या गावात शंभर शेतकरी स्वखुशीनं बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून देतील, ते लक्ष्मीमुक्ती गाव. कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी घरच्या लक्ष्मीचं देणं मान्य केलं, याचं मला आजही मोल वाटतं.

नावानं काय फरक पडतो, असंही विचारतील. बिना अगरवाल आणि प्रदीप पांडा या संशोधकांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे ५०० विवाहित स्त्रियांची पाहणी केली होती. जिच्या नावे घरही नाही आणि जमीनही नाही, अशा स्त्रियांत ४९ टक्क्यांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. जमीन असलेल्यांत १८, घर असलेल्यांत १० आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. पगाराचा आकडा मोठा असला तरी पगार थांबतो. बाळंतपणात थांबतो, आजारपणात थांबतो, कंपनीनं कपात केली की थांबतो. साडेबावीस गुंठे जागेवरच राहतात, आणि ‘निघून जायची वेळ आली तर कुठे जाऊ’ हा प्रश्न ज्या बाईला पडत नाही, तिच्याशी घरातले वेगळं बोलतात. हे मी आकडेवारी वाचायच्या कितीतरी आधी माझ्या टेबलासमोर पाहिलं.

कामाचं सांगते. वडिलांचा मृत्यूचा दाखला, चौघांची आधारकार्डं, वारसांबाबतचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा; आता ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही होतो. खरं तर तीन महिन्यांत वर्दी, म्हणजे वारसाची खबर, द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. नोंद धरल्यावर नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. भावानं आधीच वर्दी दिली असेल तर त्यातली वारसांची यादी बघा. बहिणींना वगळून केलेली प्रतिज्ञापत्रं मी नेहमी बघते. वगळलं असेल तर त्या पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, तोंडी नको. तुकडेबंदीची (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे करायला असलेल्या बंदीची) भीती कुणी घातली, तर तो प्रश्न प्रत्यक्ष जमीन फोडताना येतो, वारस म्हणून नाव लागायला तो आड येत नाही. आणि तुमच्या बहिणीला वकिलाची फी झेपणारी नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं.

नाव लागलं म्हणजे लगेच जमीन वाटून मागा, असं मी म्हणत नाही. भाऊ कसत असेल तर कसू दे, पीकही त्याचं. नाव तुमचंही, वहिवाट त्याची, असं वर्षानुवर्षं सुखानं चालतं. पुढे मनापासून वाटलं तर सगळे साडेबावीस गुंठे द्या, किंवा दहा ठेवून बाकीचे द्या. तेव्हा ते खरं देणं असेल, आणि भावालाही ते देणं म्हणून दिसेल.

त्याला सांगताना मी शिकवते तसं सांगा: ‘दादा, मला भांडायचं नाही. बाबांचे वारस चार आहेत, चौघांची नावं लागू दे. पुढचं आपण चौघं बसून ठरवू.’ एवढंच. कोर्टाचं, हिश्शाचं, जमिनीच्या किमतीचं काही पहिल्या दिवशी बोलू नका. हे फोनवर नको, घरी जाऊन, आईच्या समोर बोला.

आणि त्याआधी एक काम करा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या गावाचं नाव आणि गट नंबर घालून गेल्या वर्षभराची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, काढा. मग आईजवळ एकटीजवळ बसा आणि विचारा, की बाबा गेल्यापासून तिनं कुठे सही किंवा अंगठा दिला आहे का. दिला असेल तर दस्ताची तारीख मला लगेच कळवा. कागद रद्द करून मागायला कळल्यापासून तीन वर्षं असतात, पण जमीन तिसऱ्याच्या नावे व्हायला तीन दिवसही पुरतात.